सायनसची डोकेदुखी : दातापासून दुर्बिणीपर्यंत

नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या, म्हणजे सायनसच्या, चार जोड्या असतात. सर्दीने त्यांची तोंडे बुजली की आत कफ साचतो. मग खाली वाकताच कपाळ आणि गाल ठणकू लागतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या 11 शिरोरोगांत ‘सूर्यावर्त’ आहे. हे दुखणे उन्हाबरोबर चढते आणि दिवस कलला की उतरते. कपाळातल्या सायनसचे दुखणेही बरेचदा असेच वागते. वैद्य त्यावर नाकात औषधी तेलाचे थेंब सोडत, म्हणजे नस्य करीत; घरोघरी सुंठ उगाळून कपाळावर लेप घातला जाई.

युरोपात गालातल्या पोकळीचे चित्र लिओनार्दो दा विंचीने 1489 च्या सुमारास काढले होते, पण ते वह्यांतच राहिले. वैद्यकात तिचे सविस्तर वर्णन आले ते 1651 मध्ये, नथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याच्या ग्रंथात. त्याच्या एका रुग्ण स्त्रीचा वरचा दात काढल्यावर त्या खाचेतून पू वाहू लागला. तिने पिसाची काडी आत घालून पाहिली, तर ती शिरतच गेली. काडी मेंदूपर्यंत पोचली, या समजुतीने बाई घाबरली. हायमोरने ही पोकळी निसर्गतःच असते, असे सांगून तिची समजूत घातली. पुढे दात काढून त्या वाटेने पू काढणे हा रीतसर उपचारच झाला.

न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलने 1893 मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूकने 1897 मध्ये ओठाखालून गालाचे हाड फोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. आतले अस्तर खरवडायचे आणि नाकात खालच्या बाजूला नवी खिडकी पाडायची, अशी तिची रीत होती. पाणी उताराकडे वाहते, हा त्यामागचा साधा हिशेब. तो मात्र चुकला. अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ वर, मूळच्या तोंडाकडेच ढकलतात. नवी खिडकी उघडी असली तरी कफ तिला वळसा घालून जातो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर या डॉक्टरने हे वर्षानुवर्षे तपासले. त्याच्या कामातूनच मूळचे तोंड दुर्बिणीने मोकळे करण्याची पद्धत आली आणि 1985 नंतर ती जगभर पसरली.

तरीही निदानाचा घोळ राहिलाच. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून आलेल्या 2,991 जणांपैकी 88 टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसली. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांना पाणी येते. फसगत होते ती इथेच. मळमळ आणि उजेडाचा त्रास अर्धशिशीकडे बोट दाखवतो. घट्ट पिवळा शेंबूड, ताप आणि वास न येणे सायनसकडे. सायनसची सूज बहुधा विषाणूंमुळे असते आणि आपोआप ओसरते, त्यामुळे अँटिबायोटिक दर वेळी लागत नाही. दुखणे रेंगाळले तर नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. जलनेती करणाऱ्यांना हे धुणे नवे नाही. पाणी तेवढे उकळून कोमट केलेले हवे.