पर्वतीचं चित्र कोणाचं?

आजचा विषय चित्राचा आहे, आणि तुमच्यापैकी काहींना वाटेल की तत्त्वज्ञानाचा माणूस चित्राबद्दल काय बोलणार. पण मी चित्रकलेवर बोलणार नाही. एक चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, एवढंच सांगणार आहे, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो तुमच्यापुढे ठेवणार आहे.

चित्र पुण्याच्या पर्वतीचं. साल 1795. कागदावर आधी शिसपेन्सिलीने रेखाटलेलं आणि वर जलरंग भरलेले. टेकडी आहे आणि तिच्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभी राहिलेली देवळं. रीत इंग्रजी निसर्गचित्राची आहे. आपल्याकडच्या लघुचित्रात टेकडी देवामागे उभी असते, इथे टेकडीच मुख्य आहे. हे चित्र आज अमेरिकेत, न्यू हेवन शहरात, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. आणि चित्रकाराचं नाव? गंगाराम चिंतामण तांबट. काही ठिकाणी नवगिरे असंही आडनाव येतं.

आता आपल्या मराठीची एक गंमत बघा. 'पर्वतीचं चित्र' म्हणजे पर्वती ज्यात दिसते ते. 'गंगारामचं चित्र' म्हणजे गंगारामने काढलेलं. 'मॅलेटचं चित्र' म्हणजे मॅलेटच्या मालकीचं. प्रत्यय एकच, षष्ठीचा, पण नाती तीन. बोलताना आपण ही तिन्ही नाती एकाच 'चं' मध्ये कोंबतो आणि मग भांडण सुरू होतं, की चित्र कोणाचं? म्हणून आधी नाती सुटी करू आणि मग चित्राचा प्रवास बघू.

सर चार्ल्स वॉर मॅलेट हा कंपनीचा पुणे दरबारातला वकील, म्हणजे रेसिडेंट. 1786 साली तो पुण्यात आला. राजकारणी माणूस, पण लेणी, देवळं, प्राणी या सगळ्याची त्याला हौस होती. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं गंगारामने काढलेलं चित्र आहे, ते 1790 च्या नोव्हेंबरातलं. ही तारीख लक्षात ठेवा. कारण जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला तो 1791 मध्ये, आणि मॅलेटच्या बोलावण्यावरून पुण्याला गेला 1792 मध्ये. म्हणजे 'साहेब आला आणि त्याने आपल्या माणसाच्या हातात कुंचला दिला' ही जी सोपी गोष्ट सांगतात, ती तारखांना धरून नाही. गंगारामचा हात आधीच चालत होता. वेल्सकडून त्याने इंग्रजी रीत उचलली, हे खरं. शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली. वेल्सने सवाई माधवरावांचं, नाना फडणविसांचं, महादजी शिंद्यांचं व्यक्तिचित्र केलं. पण शिष्य कोरा नव्हता.

आपल्या खारबावचा या गोष्टीशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध आहे. 1793 मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईत आले. वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी अशी लेणी दाखवली. कान्हेरी म्हणजे आपल्या खाडीपलीकडचा साष्टीचा डोंगर. त्या काळात ही खाडी सरहद्द होती. साष्टी 1774 च्या अखेरीला इंग्रजांनी घेतली आणि सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. भिवंडी-कल्याणचा आपला काठ मात्र पेशव्यांचा, तो थेट 1817 पर्यंत. म्हणजे डॅनियल काका-पुतणे कान्हेरीला वही उघडून बसले, तेव्हा ते कंपनीच्या मुलखात होते, आणि खाडीच्या अलीकडे मराठी मुलूख होता. साष्टीतल्या लेण्याचं चित्र पुढे त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या मोठ्या ग्रंथमालेत छापलं गेलं. कोणता काठ कागदावर आला आणि कोणता राहिला, हेही कधी कधी सरहद्द ठरवते.

वेरूळची हकीकत याहून महत्त्वाची. मॅलेटने गंगारामला वेरूळला पाठवलं. त्याने लेणी बघून चित्रं आणली. मॅलेटने वेरूळचं वर्णन लिहिलं, ते 1799 मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आलं. वेल्सही वेरूळला गेला. पण 1795 च्या नोव्हेंबरात, लेण्यांचं काम हातात असतानाच, तो वारला. त्याच्या मुली इथे पोरक्या झाल्या. मॅलेट 1798 मध्ये विलायतेला परतला आणि 1799 मध्ये त्याने वेल्सची थोरली मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं.

चित्रांच्या दृष्टीने हे लग्न फार मोठी घटना आहे. एरवी काय होतं? चित्रकार मेला की सामानाचा लिलाव होतो, दहा चित्रं दहा घरी जातात आणि नावं पुसली जातात. इथे सासऱ्याचा गठ्ठा आणि जावयाचा गठ्ठा एका छपराखाली आले. वेल्सची रेखाटनं, त्याची टिपणं, गंगारामची चित्रं, सगळं मॅलेट घराण्याकडे. हे घराणं पुढे विल्टशायर परगण्यात विल्बरी हाउस नावाच्या वाड्यात राहिलं.

या गठ्ठ्याच्या जोरावर डॅनियलने दोन कामं केली. 1803 मध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नाव जेम्स वेल्सचं आणि थॉमस डॅनियलचं. गंगारामचं नाव तिथे नाही. मग 1805 मध्ये डॅनियलने मोठं तैलचित्र केलं, मॅलेट 1790 मध्ये पेशव्यांच्या दरबारात तह करतोय असं. ते आज लंडनच्या टेटमध्ये आहे. गंमत अशी, की 1790 च्या त्या दरबारात ना डॅनियल होता, ना वेल्स. वेल्सच्या रेखाटनांवरून दरबार उभा केला. 'डॅनियलचं चित्र' म्हणताना षष्ठी किती ताणली जाते बघा.

पुढे विसाव्या शतकात हा ठेवा पॉल मेलन या अमेरिकन धनिकाच्या संग्रहात गेला. मेलनने आपला ब्रिटिश कलेचा संग्रह येलला दिला आणि 1977 मध्ये ते संग्रहालय लोकांना खुलं झालं. म्हणजे वेल्स आणि गंगाराम, मॅलेट, त्याचे वंशज, मेलन, येल. खाजगी हातांची ही साखळी जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची.

आता प्रश्न. हे चित्र परत यावं का? टाळ्या मिळवायच्या तर 'यावं' म्हणणं सोपं आहे. पण आपण सुटी केलेली नाती आठवा. हे चित्र लुटीतलं नाही. मॅलेटने सांगून करवून घेतलेलं आहे. मालकीचं नातं त्यामुळे सरळ आहे. बरं, ते इथेच राहिलं असतं तर? शनिवारवाडा 1828 मध्ये सात दिवस जळत होता. जलरंगाचा दुसरा शत्रू म्हणजे उजेड. भिंतीवर टांगलेला जलरंग उडतो. बासनात, अंधारात ठेवलेला टिकतो. विलायतेतल्या त्या वाड्याने हा अंधार दिला, हे मान्य करायला हवं.

पण म्हणून हिशेब मिटला का? नाही. मालकीचं नातं सरळ असलं तरी कर्तृत्वाचं नातं थकलेलं राहू शकतं. पैसे चुकते केले म्हणजे नाव चुकतं केलं असं होत नाही. 1803 च्या मुखपृष्ठावर जे नाव नाही, ते देणं आहे. आणि ते फिटायला लागलं तेही त्याच गठ्ठ्यामुळे. गठ्ठा फुटला नाही, म्हणून अभ्यासकांना गंगारामची चित्रं वेल्सच्या चित्रांशेजारी ठेवून हात वेगळे ओळखता आले. 2011 मध्ये येलने या कागदांचं प्रदर्शन केलं, त्यात गंगाराम त्याच्या नावाने उभा होता. त्याच वर्षापासून येलने अशी चित्रं इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली केली. खारबाव स्टेशनवर दिवा-वसई गाडीची वाट बघताना तुम्ही पर्वतीचं ते चित्र मोबाइलवर उघडू शकता.

खाजगी संग्रह चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणून मला अपुरा वाटतो. आपल्याकडेही दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर दप्तरं, चित्रं जमवली. तो संग्रह साताऱ्याला होता, 1939 मध्ये डेक्कन कॉलेजात आला. तोही आधी खाजगीच होता. खरा प्रश्न असा, की वस्तूबरोबर तिची हकीकत जाते की नाही. वस्तू गेली आणि हकीकत राहिली, तर काही तरी हाती लागतं. वस्तू राहिली आणि हकीकत गेली, तर नुसतं भंगार उरतं.

आणि हे काही फक्त साहेबांच्या वाड्यांना लागू नाही. आपल्या भागात शेतं जाऊन गोदामं उभी राहतायत. जुनी घरं पाडली जातायत. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा फोटो असतो, शेताचा कच्चा नकाशा असतो, खाडीतल्या होडीचा फोटो असतो. मुलं विचारतात, हे कोण? आपण म्हणतो, असेल कोणीतरी आपल्यातलं. एका पिढीत नाव जातं. दोनशे वर्षं थांबावं लागत नाही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. घरी गेल्यावर एक फोटो काढा आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहा. यात कोण आहे, कोणी काढला, कधीचा आहे, कोणाकडून तुमच्याकडे आला. पेन नको, शाई पुढे उमटते. षष्ठीची तिन्ही नाती त्या चार ओळींत बसतात. उद्या तो फोटो कोणाच्याही घरी जावो, तो कोणाचा हे सांगता येईल.