आंध्रच्या दुर्गाबाई

‘दुर्गाबाई’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम भागवत येतात, आणि ते साहजिकच आहे. ‘दुर्गाबाई देशमुख’ म्हटले तर जाणती मंडळी चटकन सांगतात, ‘चिंतामणरावांच्या पत्नी!’ हेही खोटे नाही. पण मला हा परिचय नेहमीच तोकडा वाटत आला आहे. १९५३ साली त्या देशमुखांच्या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ती तीस वर्षे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून सांगावीशी वाटतात.

आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राच्या ओढीने विस्तीर्ण होते, त्या राजमहेंद्रीस १५ जुलै १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी लग्न लागले. जाणत्या झाल्यावर त्यांनी तो संसार नाकारला, आणि वडील व भाऊ त्यांच्या पाठीशी राहिले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

१९२१ साली गांधीजी काकीनाड्यास आले. देवदासी आणि पडद्यातल्या मुसलमान स्त्रिया यांना महात्माजी भेटावेत, असे या मुलीच्या मनाने घेतले. वय किती? बारावे लागलेले! स्थानिक पुढाऱ्यांनी अट घातली, की निधीला पाच हजार रुपये द्या, म्हणजे दहा मिनिटे मिळतील. पैसे देवदासींनीच उभे केले. सभा झाली, दहा मिनिटांची कितीतरी अधिक मिनिटे झाली, आणि बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून झोळीत टाकले. गांधीजींच्या हिंदी भाषणाचा तेलुगू अनुवाद याच मुलीने केला. ज्यांना प्रतिष्ठितांच्या सभेत जागा नव्हती, त्यांच्यासाठी जागा मागणे, हा त्यांच्या राजकारणाचा पहिला धडा. आणि मला वाटते, शेवटपर्यंत तोच राहिला.

दोन वर्षांनी काकीनाड्यासच काँग्रेसचे अधिवेशन भरले. खादी प्रदर्शनाच्या दारावर दुर्गाबाई स्वयंसेविका होत्या. तिकिटाशिवाय कुणाला सोडायचे नाही, असा हुकूम. जवाहरलालजी आले, तिकीट नव्हते. मुलीने त्यांना अडवले. तिकीट आणल्यावरच आत सोडले. नेहरूंनी तिचे कौतुक केले, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच झाले.

१९३० चा मिठाचा सत्याग्रह आला आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. मदुरेच्या तुरुंगात त्यांना एकांत कोठडी सोसावी लागली. तुरुंगात भेटलेल्या कित्येक स्त्रियांना स्वतःची बाजू मांडता येत नव्हती. ते पाहून कायदा शिकण्याची निकड त्यांना पटली. गंमत अशी, की इंग्रजी लादले जाते म्हणून याच मुलीने लहानपणी शाळा सोडली होती. आता बाहेर येऊन त्यांनी बनारसची मॅट्रिक दिली, आंध्र विद्यापीठाची एम. ए. मिळवली, १९४२ साली मद्रासला कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. मध्यंतरी, १९३७ साली, आंध्र महिला सभा उभी केली. अर्धवट सुटलेले शिक्षण पुरे करू पाहणाऱ्या बायकांना तिथे आधार मिळाला.

१९४६ साली त्या घटना समितीवर आल्या. त्या सभागृहात स्त्रिया अवघ्या पंधरा. अध्यक्षांच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्या सभापतींच्या नामावळीत तर या एकट्याच बाई. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी त्या बोलल्या, हिंदुस्थानीचा आग्रह त्यांनी धरला, आणि दुरुस्त्या सुचवण्यात त्या कधी मागे राहिल्या नाहीत. आज तिशी गाठलेला नागरिक राज्यसभेवर जाऊ शकतो. ही अट आधी पस्तीस वर्षांची होती. ती तिसावर आणण्याची दुरुस्ती दुर्गाबाईंची.

आणि एवढे करूनही १९५२ च्या निवडणुकीत त्या हरल्या! मतदारांचा कौल तो. त्यापुढे कुणाचे चालते? पण पराभवानंतर माणूस काय करतो, यावर त्याचे राजकारण कसल्या मातीचे होते ते कळते. त्या नियोजन मंडळावर गेल्या. तिथेच अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांशी स्नेह जुळला. जानेवारी १९५३ मध्ये नोंदणी पद्धतीने विवाह झाला. साक्षीदारांत नेहरू होते. पूर्वी दारावर अडवलेला पाहुणा असा लग्नाला साक्षीदार झाला!

त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांना त्या मंडळाचे साहाय्य मिळू लागले. त्याच साली चीनच्या दौऱ्यात त्यांनी कुटुंबाच्या तंट्यांसाठीची वेगळी न्यायालये पाहिली. परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे छागला आणि गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच नेहरूंशी, त्या या विषयावर बोलल्या. कायदा व्हायला मात्र १९८४ साल उजाडले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या होत्या. तो दिवस त्यांना दिसला नाही.

चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि विसरूही नये. पण मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आज एखादी लेक आपले गाऱ्हाणे मांडते, तेव्हा तिच्यासाठी ती वाट आखणाऱ्यांत राजमहेंद्रीची एक बाई होती, हेही घरात कुणीतरी सांगायला हवे. दिवाळीला मुले-नातवंडे जमली म्हणजे चिंतामणरावांची गोष्ट जरूर सांगावी. दुर्गाबाईंचीही सांगावी; मात्र ती १९५३ पासून न सांगता काकीनाड्याच्या सभेपासून सुरू करावी.