नळाचा सांधा

पाण्याच्या इतिहासात तलाव बांधविणाऱ्यांची नावे राहतात. नळ जोडणाऱ्यांची राहत नाहीत. हुसेन सागर म्हटला की इब्राहीम कुतुबशहा आठवतो. उस्मान सागर म्हटला की १९०८ सालचा मुसी नदीचा महापूर आणि त्यानंतर हैदराबादेत आलेले विश्वेश्वरय्या आठवतात. परंतु तलाव केवढाही असो, पाणी घरापर्यंत पोहोचते ते दोन नळांमधल्या सांध्याच्या भरवशावर. त्या सांध्याची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण मासे पाळण्याच्या हौसेमुळे हे काम आता थेट आपल्या बैठकीच्या खोलीत आले आहे.

गोवळकोंड्याच्या टेकडीवर पाणी रहाटांनी टप्प्याटप्प्याने चढविले जाई आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून महालांत फिरे. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्कीलाही दूरच्या डोंगरातले पाणी अशाच खापरी नळांनी आणलेले आहे. आणि तिच्या हौदातले मासे पाहण्यासाठी लोक आजही काठावर थबकतात. या नळांचा सांधा चुन्याचा. चुना दाहक, तो कामकऱ्याचे हात भाजी आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीवर बेते. ताज्या चुन्याचे पाणी माशालाही मानवत नाही. म्हणून सांधा मुरू द्यावयाचा, हौद धुवावयाचा आणि मगच त्यात जीव सोडावयाचा, हा क्रम ठरलेला.

पुढे ओतीव लोखंडाच्या नळांचे युग आले. उस्मान सागर १९२० साली आणि हिमायत सागर १९२७ साली पुरा झाला, तो काळ याच नळांचा. त्यांच्या सांध्यात ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतीत. सांध्यात ओल राहिली तर ते तप्त शिसे उसळून अंगावर येई. आणि जे उसळत नसे ते धुळीच्या व वाफेच्या रूपाने हळूहळू शरीरात साठे. सांधा पक्का होई. झीज जोडणाऱ्याची होई.

मग प्लास्टिक आले. पीव्हीसी हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांना १८७२ साली प्रयोगशाळेत आढळला होता. त्याचे नळ जर्मनीतच १९३० नंतरच्या दशकात होऊ लागले. ना भट्टी, ना चुना. करवतीने कापावे आणि डब्यातला रस लावून जोडावे. दुकानदार ज्याला नुसते ‘सोल्यूशन’ म्हणतो तो हा रस वस्तुतः डिंक नव्हे. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवितो, ते एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर दोहोंचे एकच अंग होते.

उडून जाणारा हा द्रावक मात्र आपल्याच श्वासात येतो. त्याने डोके दुखते, घेरी येते, डोळे चुरचुरतात. त्याची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते, आणि ठिणगी मिळताच पेट घेते. माशांच्या पेटीखालच्या कपाटात डोके घालून नळ जोडणारा गृहस्थ नेमका त्या साचलेल्या वाफेतच बसलेला असतो. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या असाव्यात आणि देवघरात समई तेवत असावी, यापरते दुर्दैव नाही.

यावर उपाय साधा आहे. नळ कापून प्रथम कोरडेच बसवून पाहावेत आणि खुणा कराव्यात. जेवढे सांधे गच्चीत वा गॅलरीत जोडता येतील तेवढे तेथेच जोडावेत. घरात करावेच लागले तर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. समई, उदबत्ती, शेगडी विझवावी. मुलांना दूर ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाही. रसाचा पातळ हात द्यावा, नळ आत सारून थोडा फिरवावा, क्षणभर धरून ठेवावा, आणि डब्याचे झाकण लगेच लावावे. वाळण्याचा अवधी डब्यावर दिलेला असतो. दमट दिवसांत तो अधिक धरावा. मग नळांतून पाणी खेळवून ते फेकून द्यावे. वास उरला नाही, गळती दिसली नाही, की मासे सोडावेत. ज्या नळाची पुढेमागे उकल करावयाची आहे, तेथे आट्यांचा जोड बरा.

हौशी माणूस वर्षातून एकदा हे काम करतो. नळकारागीर ते रोज करतो, आणि तेही बहुधा कोंदट न्हाणीघरात. खिडकी उघडा असे तो घरधन्याला सहसा सांगत नाही. चुन्याने आणि शिशाने पोळलेल्या त्याच्या पूर्वजांची नावे आपण विसरलो. निदान याच्यासाठी, त्याने मागण्यापूर्वी, खिडकी आपण उघडावी.