किटल्या, स्टेपनी आणि साडी गार्ड

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना वाटेल, आजींचं हे काय भलतंच! पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि इतिहास म्हणजे फक्त लढाया आणि तह असं मी वर्गातसुद्धा कधी मानलं नाही. दारात उभ्या असलेल्या वाहनालाही इतिहास असतो. सध्या आमच्या नातेवाइकांत ज्या वाहनावरून रोज वाद झडतो आहे ते म्हणजे 'अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल'.

माझ्या धाकट्या नातीने गेल्या वर्षी एक घेतली. स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची इथे गरजही नाही.) आठ महिन्यांत तिच्या दोन-तीन तक्रारी झाल्या. पावसात मीटरच्या काचेच्या आत वाफ धरते, एक बोल्ट हादऱ्याने सैल होतो, आणि एका सुट्या भागासाठी तीन आठवडे थांबावं लागलं. जूनमध्ये तिला स्पीतीला जायचंय, म्हणून ती हे सगळं मनावर घेते. त्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर वडीलधाऱ्यांचा सूर असा: "आमच्या स्कूटरी वीस-वीस वर्षं चालल्या, आम्ही कधी कुरकुर केली नाही. तीन लाखांच्या गाड्या घेता आणि रडता!" तिचे वडील तर म्हणतात, गाडीचा भरवसा नसेल तर विकून टाक आणि स्पीतीचं खूळ सोड.

हा इतिहास या मंडळींना अर्धाच आठवतोय असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी ही गाडी म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते नातीकडूनच शिकावं लागलं. उंच, लांब स्प्रिंगांची, मोठ्या पुढच्या चाकाची मोटरसायकल. डांबरी रस्त्यावर दिवसभर पळेल आणि रस्ता संपला तरी थांबणार नाही, अशी. जगात या प्रकाराला वळण लागलं ते पॅरिस-डाकार शर्यतीमुळे. पहिली शर्यत 1978च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली आणि सहारा ओलांडून सेनेगलच्या डाकारला गेली. 1980 साली बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस ही गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर ती शर्यत जिंकली. ऑस्ट्रियाच्या केटीएमने तर 2001 ते 2019 सलग अठरा वेळा जिंकली (2008 साली शर्यतच रद्द झाली होती).

आपल्याकडे हिरोची इम्पल्स 2011 साली आली, पण लोकांना तिचं करायचं काय ते कळलं नाही. खरी सुरुवात 2016 साली रॉयल एन्फिल्डच्या हिमालयनने झाली. आणि 2020च्या जानेवारीत केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर आली, किंमत 2 लाख 99 हजार. नाव ऑस्ट्रियाचं, पण बनते आपल्या चाकणला! 2007 साली बजाज ऑटोने केटीएमचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला होता, तो वाढत गेला. 2024च्या नोव्हेंबरात केटीएमवर दिवाळखोरीची पाळी आली आणि 2025 मध्ये बजाजने कंपनीचा ताबाच घेतला. ज्या आकुर्डीत एके काळी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनत होती, त्या आकुर्डीच्या हातात आज युरोपातली कंपनी आहे. आमच्या पिढीला हे वाचताना अजून चिमटा काढून बघावासा वाटतो.

पण 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्द इथे येण्याच्या कितीतरी आधी ती गाडी आपल्याकडे होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात जे पुण्यात राहिले त्यांनी आठवून बघा. पहाटे मुळशीकडून, खेड-शिवापूरकडून गवळी यायचे. राजदूत नाहीतर येझदी, पुढे एम-80. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा, त्याला चार-चार किटल्या लटकलेल्या, खाली मातीचा रस्ता, पावसाळ्यात घोटाभर चिखल. रोज जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर, तेही दूध न सांडता. नातीच्या गाडीला दोन्ही बाजूंना ज्या पेट्या आहेत त्यांना पॅनियर म्हणतात. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला किटल्याच आठवल्या. 2016च्या हिमालयनच्या टाकीला दोन्ही बाजूंनी जेरीकॅन अडकवायची सोय होती. तिला पाहून एखादा जुना गवळी म्हणाला असता, यात नवीन काय?

फरक एवढाच की त्या गवळ्याला कुणी साहसी म्हटलं नाही. आणि त्याचा सांगाडा कंपनीने दिला नव्हता, तो त्याने गावच्या वेल्डरकडून मापाने करून घेतला होता.

आता स्कूटरींकडे वळू, कारण वडीलधाऱ्यांचा सगळा अभिमान तिथे आहे.

1960च्या सुमारास बजाजने व्हेस्पा बनवायला घेतली, 1971 साली पियाजिओशी असलेला करार संपला आणि 1972 पासून 'चेतक' आली. त्याच 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. मागणी प्रचंड आणि उत्पादनावर सरकारी परवान्याची मर्यादा. परवान्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त गाड्या बनवणं हा कारखानदाराचा गुन्हा ठरायचा! त्यामुळे पैसे भरून नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. दहा-दहा वर्षं थांबलेले लोक होते. परदेशातून डॉलर पाठवणारा कुणी नातेवाईक असेल तर नंबर लवकर लागायचा, नाहीतर 'ऑन' देऊन दुसऱ्याच्या नंबरची गाडी घ्यायची. गाडी नुसती हातात पडली तरी त्या विकून नफा व्हायचा.

अशा काळात गाडीच्या दर्जाची चौकशी कोण करणार? सहा वर्षांनी मिळालेल्या स्कूटरचा रंग एका बाजूला फिका आहे म्हणून ती परत करणारा माणूस मी पाहिला नाही. परत केली असती तर मागे रांगेत हजारो उभे होते.

आणि "काही झालं नाही" हे तर अजिबात खरं नाही. मी वीस वर्षं मागच्या सीटवर आडवी बसले आहे, मला सगळं पाठ आहे. त्या काळच्या स्कूटरी सकाळी सुरू होत नसत. मग त्या एका बाजूला आडव्या करायच्या, सरळ करायच्या, आणि पुन्हा किक. आमचे हे खिशात पान्हा आणि पॉलिश पेपर ठेवत. वाटेत गाडी बंद पडली की प्लग काढायचा, घासायचा, फुंकर मारायची, बसवायचा. क्लचची वायर तुटायची, गिअरची तुटायची, म्हणून डिकीत दोन्ही वायरी कायम. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण चुकलं तर धूर. कात्रजचा घाट चढताना इंजिन तापलं की मी मुलाला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. याला आम्ही बिघाड म्हणत नसू. दूध उतू जाणं हा जसा गॅसच्या शेगडीचा दोष नाही, तसं ते होतं. रोजचं काम! गाडी वीस वर्षं चालली, पण ती चालवून घेणारा माणूस त्या वीस वर्षांत अर्धा मेकॅनिक झाला, तो हिशोब कुणी धरत नाही.

हे खरं, की ती गाडी उघडता येत होती. हे मी आमच्या पिढीच्या बाजूने आवर्जून सांगेन. स्टेपनी तर अशी की चार-पाच नट काढले की पंधरा मिनिटांत चाक बदलून माणूस मार्गस्थ. कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्ती व्हायची. नातीच्या गाडीत सगळं संगणकाच्या ताब्यात आहे. दिवा लागला की सर्व्हिस सेंटरला जाऊन यंत्र जोडायचं, मग ते सांगणार काय दुखतंय. पैसे आपण भरले, पण पोट उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. तीन आठवडे तिने जी वाट पाहिली ती याचीच. आणि काझाला गाडी बंद पडली तर काय, हा तिच्या वडिलांचा प्रश्नही इथूनच येतो. तो मला रास्त वाटतो. गाडी विकणं हे मात्र त्याचं उत्तर नाही.

अ‍ॅक्सेसरीजवरूनही टोमणे चालू आहेत. गाडी तीन लाखांची आणि वर साज पन्नास हजारांचा, असं. अहो, स्कूटर घरी आली की पहिल्या आठवड्यात नाना पेठेत कोण जात होतं? स्टेपनीचं कव्हर, पुढची काच, पुढचे-मागचे गार्ड, पाठ टेकायची जाळी, रबरी मॅट, चिखल उडू नये म्हणून मागे फडफडणारं रबर, त्यावर 'आई' असं नाव. आज हँड गार्ड असतात, दगड लागू नये म्हणून इंजिनाखाली जाड पत्रा असतो, त्याला बॅश प्लेट म्हणतात, आणि जादा दिवे. (ते जादा दिवे शहरात लावून समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्यांविषयी मात्र माझं मत छापण्यासारखं नाही.) नाना पेठ तीच.

माझं एकच म्हणणं आहे, वजनाचं. नव्या हिमालयनचं वजनच 196 किलो, वर पेट्या आणि गार्ड लावले की आणखी भर. 390 अ‍ॅडव्हेंचर आली तेव्हा तिच्या सीटची उंची 855 मिलिमीटर होती. आपल्याकडच्या किती मुलींचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील? आमची नात पाच फूट दोन इंच. तिचीही गाडी उंचच, एका पायावर तोलते. म्हणून प्रत्येक नवी वस्तू लावताना ती आधी वजन विचारते, मग किंमत. याला मी चैन म्हणणार नाही.

आणि एक अ‍ॅक्सेसरी अशी आहे जी अस्सल आपली. साडी गार्ड! 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं. हात धरायला आणि पाय ठेवायलाही काही हवं. त्यामुळे सहाराच्या वाळूसाठी जन्मलेल्या या गाड्यांनाही इथे विकताना साडी गार्ड लावावं लागतं. हौशी मंडळी दिसायला बरं नाही म्हणून ते आधी काढून टाकतात. मी नातीला ते काढू दिलं नाही. चाकात गेलेला पदर मी एकदा सातारा रस्त्यावर पाहिला आहे, त्याचं वर्णन करणार नाही.

आता मुख्य मुद्दा, कुरकुरीचा. 1985च्या आसपास जपानी कंपन्यांशी करार होऊन हिरो होंडा, यामाहा, कावासाकीच्या मोटरसायकली आल्या आणि पहिल्यांदा गिऱ्हाइकाला 'ही नको, ती दाखवा' म्हणता आलं. स्कूटरची रांग ओसरली. 2009च्या अखेरीस तर बजाजने स्कूटरी बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. (चेतक हे नाव पुढे 2020 साली विजेवरच्या स्कूटरला मिळालं.) तक्रार करायची तर आधी दुसरा पर्याय असावा लागतो, तो आम्हाला नव्हता.

आणि तक्रारीने काय होतं ते याच गाड्यांच्या इतिहासात दिसतं. 2016च्या पहिल्या हिमालयनबद्दल मालकांनी जाहीरपणे भरपूर ओरड केली, बांधणीवरून आणि सुट्या भागांवरून. 2017 साली ती कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन घेऊन आली, पुढे सुधारत गेली आणि 2023 साली 452 सीसीचं पूर्ण नवं इंजिन आलं. 390 अ‍ॅडव्हेंचर आली तेव्हा तिला अलॉयची चाकं होती. खडकावर अलॉय तडकू शकतं, तारांचं चाक वाकतं पण घरी आणतं, म्हणून लोक तारांची चाकं मागत राहिले. 2023 साली ती मिळाली. तारांच्या चाकात ट्यूब आली, ट्यूब म्हणजे पंक्चरची कटकट, म्हणून मग ट्यूबलेस तारांची चाकं मागितली, ती हिमालयनला 2024 साली मिळाली. आता या मागण्या कुणी केल्या? आमच्या नातीसारख्या किरकिऱ्या लोकांनीच ना?

आपल्या कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था 1966 पासून गाड्या तपासते आहे. ब्रेक, धूर, दिवे, सगळं यंत्रावर मोजलं जातं. पण आठव्या महिन्यात सैल होणारा बोल्ट कळतो तो रोज चालवणाऱ्यालाच. तो त्याने बोलून दाखवला नाही तर दहा हजार गाड्यांत तसाच राहतो.

एक मात्र कौतुकाने सांगते. 2019च्या जानेवारीत पुणे पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली तेव्हा विरोध करणाऱ्यांत ग्रुपवरचे दोन वडीलधारे होते. तीच मंडळी आज नातीला बेजबाबदार म्हणतात, आणि ती हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचं चिलखत, पायात घोट्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय दूध आणायलाही गाडी काढत नाही!

तर असं आहे. माझं मत नातीच्या पारड्यात. तिच्या वडिलांच्या समाधानासाठी आम्ही तिघांनी बसून यादी केली आहे. क्लचची जादा वायर, ट्यूबा दोन, हवा भरायचा छोटा पंप, साखळीचं कुलूप, सैल होणाऱ्या त्या बोल्टचे चार नग आणि ते पक्के धरून ठेवणारा डिंक. प्लगसाठी पॉलिश पेपर मी सुचवला, तर ती हसली. तो लागत नाही म्हणे आता. शिमला-किन्नौरकडून जायचं आणि कुंझुम खिंड उघडली असेल तर मनालीकडून परतायचं, असा बेत आहे. रिकाँग पिओच्या पुढे फ्युएल इंजेक्शनची गाडी दुरुस्त करणारा कुणी चांगला मेकॅनिक माहीत असेल, तर मेच्या अखेरीपर्यंत मला कळवा.