खिळा, वायसर आणि चौथाई

इतिहासाच्या पुस्तकांत राजे गड घेतात. पण घेतलेल्या गडाचा दरवाजा पहिल्याच पावसाळ्यात फुगून लागेनासा झाला तेव्हा त्याला रंधा कुणी मारला, हे कुठलाही इतिहासकार सांगत नाही. तहांची साले आम्ही शाळेत छड्या खाऊन पाठ केली. बिजागरीचे साल आम्हाला कुणी विचारले नाही. ही उणीव भरून काढायचे मी मनावर घेतले आहे. अधिकार विचाराल तर एवढाच, की गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत माझा उभा जन्म गेला आणि आमच्या मजल्यावर कुणाचाही फ्यूज उडाला की पहिली हाक मला येते. "काका, अहो काका, आमच्याकडे अंधार झालाय हो!" या हाकेला ओ देत देत मी म्हातारा झालो.

लोकांची समजूत अशी, की घरात हातोडी-पक्कड बाळगणारा माणूस हौशी असतो. कुणी बुलबुल वाजवतो, कुणी तिकिटे जमवतो, तसा हा नळ खोलतो. साफ चूक. मुंबईचा भाडेकरू हौसेने सुतार झालेला नाही. त्याला सुतार, गवंडी, नळवाला आणि वायरमन या चारी जातींत एकदम घातले ते एका तारखेने. ती तारीख म्हणजे 1 सप्टेंबर 1940.

या दिवशी गिरगावात विशेष काही घडले असेल असे मला वाटत नाही. तिकडे युरोपात लढाईला एक वर्ष पुरे होत होते. पण पुढे 1947 साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि त्याने भाड्याचे माप म्हणून हा दिवस धरला. त्या दिवशी जे भाडे, तेच प्रमाण भाडे. कायदा मुळात तात्पुरता होता. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींची प्रकृती फार खणखणीत असते. मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत तो तब्बल अर्धशतक जगला. त्याच्या जागी 1999 चा नवा कायदा आला, तोही 31 मार्च 2000 रोजी अंमलात आला.

या कायद्याला मी नावे ठेवणार नाही. तो नसता तर आमच्या वडिलांच्या कारकुनी पगारात आमचे बिऱ्हाड गिरगावात टिकलेच नसते. पण गंमत अशी, की भाडे जागच्या जागी राहिले आणि विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी मात्र वर्षाला एक जिना चढत गेली. वडील महिना 24 रुपये भाडे भरत. तेवढ्यात मालकाने नळ दुरुस्त करायचा म्हणजे नळाबरोबर स्वतःही गळायचे! तेव्हा त्याने दुरुस्त्या बंद केल्या. भाडेकरूला तर जागा सोडायची नव्हती, कारण एवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नव्हती. अशा रीतीने दोघेही आपापल्या जागी अगदी बरोबर असताना छप्पर गळायला लागले, आणि वडिलांनी एका रविवारी चोरबाजारातून एक पाना, एक कानस आणि एक गिरमिट आणले. आमच्या घराण्याच्या हत्यारांचा हा प्रारंभ.

कायद्याने भाडेकरूला अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. 2000 साली अंमलात आलेल्या कायद्यात असे कलम आहे, की मालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही तो हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाकाठी एकंदर भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येणार नाही. म्हणजे चौथाई! हे कलम वाचले तेव्हा माझी छाती फुगली. मराठ्यांनी ज्या चौथाईसाठी घोडी थेट बंगालपर्यंत दौडवली, ती आम्हाला घरबसल्या मिळाली. सरदेशमुखी तेवढी राहिली. मग मी हिशेब केला. त्या वेळी आमचे भाडे होते महिना 60 रुपये. वर्षाचे 720. त्याची चौथाई 180. एवढ्या पैशांत गवंडी आमचे दोन जिने चढून आला असता, भिंतीकडे पाहून हळहळला असता आणि उतरून गेला असता. भिंतीला हात लावायचा तर पुढच्या वर्षाची चौथाई लागली असती.

तेव्हा आपला हात जगन्नाथ. आता या हाताला जे जे लागते त्याचा इतिहास.

पहिला मान खिळ्याचा. जुन्या गिरगावातली इमारत म्हणजे सागवानी सांगाडा, मध्ये विटा आणि वरून चुन्याचा गिलावा. चुन्याच्या भिंतीत खिळा आत जाताना लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि बाहेर येताना पाव किलो भिंत घेऊन येतो. म्हणून आमचे सुतार भिंतीत छिन्नीने चौकोनी भोक पाडून लाकडाची गुटी ठोकत आणि मग गुटीत खिळा मारत. लंडनमध्येही हेच चालत असे. पण तिथल्या ब्रिटिश म्युझियमला विजेची जोडणी करायची होती आणि भिंती मात्र कुरतडू द्यायच्या नव्हत्या. हे काम रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराकडे आले. त्याने 1911 च्या सुमारास बारीक भोकात बसणारी नळी काढली. ती कशाची? तर ताग आणि जनावराचे रक्त, यांची! आज आपण ज्याला रॉलप्लग म्हणतो त्याचा हा पूर्वज. साहेबाने जगभरातून उचलून आणलेल्या वस्तूंना आपल्या भिंतींवर ओरखडा उमटू न देता उजेड मिळावा म्हणून हा शोध लागला, आणि आज त्यावर आमच्याकडे दत्ताची तसबीर निर्वेध टांगलेली आहे. 1958 साली जर्मनीतल्या फिशरने नायलॉनचा प्लग काढला, त्यामुळे सोवळ्याओवळ्याचाही प्रश्न मिटला. एक सांगून ठेवतो : भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढा. आणि फुंकताना डोळे मिटा. हे दुसरे वाक्य कुठल्याही डब्यावर छापलेले नसते.

त्यानंतर वायसर. शिकलेले लोक याला वॉशर म्हणतात, पण त्यांचे नळ गळतच असतात. पेच फिरवून बंद करायचा नळ इंग्लंडात रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने 1845 साली काढला. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने आले 1860 साली. म्हणजे 'अहो, नळ गळतोय' हे वाक्य या शहरात दीडशेहून अधिक वर्षे बोलले जात असले पाहिजे. नळाचे शास्त्र अगदी साधे आहे. आत एक दांडा, दांड्याच्या टोकाला वायसर, आणि तो दाबून बसतो ती पितळी बैठक. गळायला लागला की माणसे काय करतात? जोर करतात! जोर केला की वायसर अधिक चेपतो, मग आणखी जोर. शेवटी बैठकीलाच खाच पडते आणि मग नवा वायसरही उपयोगी पडत नाही. वडील जुन्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचे वायसर कातत. चामडे पाण्याने फुगते आणि बैठकीवर मस्त बसते. एका जोडात घरातले सगळे नळ दोन वर्षे निघत. पायांत चार वर्षे आणि नळात दोन, इतकी सेवा माणसेही करीत नाहीत.

नळाच्या आट्यांवर तेव्हा सफेता लावून सूत गुंडाळीत. आता पांढरी टेफ्लॉनची पट्टी आली. टेफ्लॉनचा शोध अमेरिकेत 1938 साली प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला अपघाताने लागला. तो शीतयंत्रात वापरायचा वायू शोधत होता आणि नळकांड्यात वायूऐवजी पांढरी भुकटी निघाली. त्याला काय कल्पना, की गिरगावातली ही एक बाई पुढे 'ती पांढरी फीत उलटी गुंडाळलीत वाटतं?' असे विचारणार आहे! (आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने गुंडाळायची. ती उलटी कधीच नव्हती, पण हिला विचारायला आवडते.)

सरसाचे मी थोडक्यातच आटोपतो, कारण त्याची आठवण नाकाला होते. खुर्चीचा पाय निखळला की सुतार सरसाच्या वड्या पाण्यात उकळी. जनावरांची हाडे-कातडी ती. सगळी चाळ त्या दिवशी खिडक्या लावून बसे. 1959 साली बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल आणला आणि पांढऱ्या, थंड, निर्गंध डिंकाने हा प्रकार संपवला. एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून काम केलेला हा माणूस. सुताराचे दुःख त्याने जवळून हुंगले असणार.

फ्यूजबद्दल मात्र मी गंभीर आहे. चिनी मातीच्या त्या पांढऱ्या ठोकळ्यातल्या तारेचे काम एकच : वेळ आली की मरणे. ती बारीक असते ती काही कंजूषपणाने नव्हे. पण दोनदा फ्यूज उडाला की शेजारी जाडजूड तार घालतात आणि अभिमानाने सांगतात, "काका, आता आयुष्यात उडणार नाही!" उडत नाहीच. त्याऐवजी लाकडी पट्टीवरून गेलेली, वरचे आवरण वाळून भुगा झालेली वडिलोपार्जित वायर तापते, आणि सांगाडा सागवानाचा आहे हे मी वर सांगितलेच. आपोआप पडणाऱ्या बटणाचे, म्हणजे एमसीबीचे, पेटंट जर्मनीत 1924 सालीच झाले होते. आमच्या मजल्यावर ते बसले ते त्यानंतर कितीतरी दशकांनी, तेही मी दारोदार फिरून वर्गणी काढली तेव्हा.

इथवरचा इतिहास विजयाचा आहे. पुढचा तसा नाही.

वायसर, गुटी, लांबी, फेविकॉल, दोन रंगांचे गोळे कणकेसारखे मळून बिडाच्या पाइपाच्या चिरेत भरायचे एम-सील : या सगळ्यांनी भाडेकरूला एक वाईट सवय लावली. चीर दिसली की ती बुजवायची. आमच्या जिन्यावरच्या तुळईला चीर होती. दर दिवाळीला कुणीतरी ती लांबी भरून, वरून रंग देऊन नाहीशी करीत असे, आणि दर श्रावणात ती परत येत असे, पण बोटभर लांब होऊन. मी त्या लांबीला कधी हात लावला नाही. तुळईतली चीर हे दुखणे नव्हे, दुखण्याची बातमी आहे, असे मी बैठकीत म्हणालो. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "बातमी कळवायची कुणाला? मालकाला?" सगळे हसले. मीही हसलो.

साठीच्या दशकात मुंबईत पावसाळ्यात घरे पडू लागली तेव्हा सरकारने 1969 साली कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ काढले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा इमारती भरल्या 19,642. त्यांतल्या 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या. पाहा, तीच तारीख! 1977 साली हे काम म्हाडाकडे गेले. आमच्या तुळईखाली मंडळाचे टेकू लागले त्या दिवशी जिन्यावर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. टेकू तात्पुरते होते. तात्पुरत्या गोष्टींच्या प्रकृतीबद्दल मी वर लिहिलेच आहे. त्यांवर पुढे दोऱ्या बांधून लोक कपडे वाळत घालू लागले.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली. 17 माणसे गेली. ही तर पागडीची, चुन्याची इमारतही नव्हती. तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीवर ठपका आला. त्यानंतर सव्वा महिन्यात, 31 ऑगस्टला, भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसेनी इमारत पडली. ती शंभरी ओलांडलेली. 33 माणसे. त्या रात्री मी जिन्यावर विजेरी घेऊन गेलो आणि तुळईवरची लांबी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढली. आत चार बोटे शिरतील एवढी पोकळी होती, वाळवीची. सकाळी सगळ्या बिऱ्हाडांना एकेक करून ती पोकळी दाखवली. आजोबांनी तीत बोट घालून पाहिले आणि "अर्जाचा कागद आणा," एवढेच म्हणाले. सह्या अर्ध्या तासात झाल्या. पूर्वी एका अर्जाला आम्हाला तीन महिने लागत, कारण पहिली सही कुणाची यावर वाद होई. तुळई बदलली. आता पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, पण तो विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो.

मधल्या काळात मुलाने ठाण्याला फ्लॅट घेतला. बाविसावा मजला. भिंती नखशिखांत काँक्रीटच्या. खिळा वाकतो, गिरमिट रुसते, आणि यंत्राने भोक पाडायचे तर सोसायटीने आखून दिलेल्या वेळेतच पाडायचे. "बाबा, तुमची पेटी इकडे आणू नका," तो म्हणाला. "2016 चा रेरा कायदा आहे. पाच वर्षांत काही बिघडलं नि कळवलं, की बिल्डरनं तीस दिवसांच्या आत फुकट दुरुस्त करून द्यायचं."

गेल्या महिन्यात त्याच्या मोरीतला नळ गळायला लागला. रीतसर तक्रार झाली. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला सूनबाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"बाबा, झोपला नाहीत ना? नाही म्हणजे... तीस दिवस टपटप ऐकवणार नाही हो. आणि ह्यांना सांगू नका, पण येताना ती जुनी चप्पल घेऊन याल का?"