जिथे कुणाला काही पिकवायचं नव्हतं

१९९१. मादागास्करमधल्या अलाओत्रा सरोवरावर एक नर बदक मच्छीमारांच्या हाती जिवंत लागला. तपकिरी-लालसर अंग, पांढरे डोळे. त्याला राजधानीतल्या त्सिम्बाझाझा उद्यानात ठेवलं. साधारण वर्षभराने तो मेला. जोडीदारीण सापडलीच नाही. मादागास्कर लालसरी संपली, असं बहुतेकांनी धरून चाललं.

हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला किंवा उजनीला गेला असाल, तर तिची भावंडं तुम्ही पाहिली असतील. लालसरी, शेंडी बदक, सगळी ‘आयथिया’ कुळातली. पाय शरीराच्या मागच्या बाजूला, त्यामुळे जमिनीवर चाल फेंगडी, पण बुडी मारण्यात पटाईत. आपल्याकडे येणारी हजारो मैल उडून येतात. मादागास्करची मात्र बेटाबाहेर कधी गेलीच नाही. घर गेलं, की सगळंच गेलं.

आणि घर गेलंच. अलाओत्रा हे देशातलं सर्वांत मोठं सरोवर. काठच्या दलदलीत भातशेती आली, डोंगरांवरची माती वाहून पाण्यात आली, बाहेरून आणून सोडलेले मासे वाढले, जाळी वाढली. यात खलनायक कुणीच नाही. माणसांना भात हवा होता.

मग नोव्हेंबर २००६. लिली-आरिसाँ रेने द रोलाँ हे मालागासी संशोधक उत्तरेकडच्या दुर्गम भागात शिकारी पक्षी शोधत होते. मात्साबोरिमेना, म्हणजे ‘लाल तळं’, तिथे त्यांना नऊ मोठी बदकं आणि चार पिल्लं दिसली.

आनंदाची बातमी, पण अर्धीच. ज्वालामुखीच्या विवरातलं हे तळं खोल, काठ उभे, उथळ पाणी जवळपास नाही, खाणं कमी. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत उपासमारीने मरत होती. बदकांनी हे तळं आवडून निवडलं नव्हतं. माणसांना नको असलेली जागा तेवढी त्यांच्या वाट्याला उरली होती.

२००९मध्ये तिथली अंडी उचलून अंत्सोहिही गावात पिल्लं वाढवायला सुरुवात झाली. डिसेंबर २०१८मध्ये २१ बदकं सोफिया तलावात सोडली गेली. हा तलाव मात्र निर्मनुष्य नाही. काठावर भात आहे, मासेमारी आहे. म्हणून बदकांसोबत गावकऱ्यांच्या शेतीवर आणि मासेमारीवरही काम करावं लागलं.

माणसं टाळून ही बदकं जेमतेम तग धरून होती. आता त्यांना माणसांशेजारीच जगायचं आहे. ते जमतं का, हे बदकांपेक्षा काठावरच्या घरांत ठरेल.