मांजराच्या घराण्यातला पार्व्हो

कालपर्यंत घरभर धुडगूस घालणारं पिल्लू अचानक खाणं सोडतं, उलट्या करतं आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. त्या जुलाबाचा उग्र वास येताच डॉक्टर तपासणीआधीच म्हणतात, ‘पार्व्हो दिसतोय.’ नाव इतकं रुळलंय, की हा रोग कुत्र्यांच्या पाचवीलाच पुजलेला वाटावा. प्रत्यक्षात १९७८ पूर्वीच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत तो सापडत नाही.

त्याचं मूळ घराणं मांजरांचं. मांजरांच्या पांढऱ्या पेशी आणि आतडी खाणारा विषाणू १९२०च्या दशकापासून माहीत होता. १९४७मध्ये त्याच कुळातल्या विषाणूने कॅनडात फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक प्राण्यांच्या केंद्रांत आतड्याच्या रोगाची साथ आणली. कुत्री मात्र सुरक्षित होती. पुढे युरोपात साठवलेले कुत्र्यांच्या रक्ताचे जुने नमुने तपासले, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. म्हणजे पाहुणा गाजावाजा न करता आधीच येऊन राहिला होता.

या विषाणूची जनुकीय लिपी जेमतेम पाच हजार अक्षरांची. पेशी लोह आत घेण्यासाठी ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाचा जो ग्राहक (रिसेप्टर) बाहेर ठेवते, त्यालाच चिकटून तो आत शिरतो. मांजराचा आणि कुत्र्याचा ग्राहक किंचित वेगळा असतो. विषाणूच्या कवचातली मोजकीच अमिनो आम्लं बदलली, त्यांतही ९३ आणि ३२३ या स्थानांवरची महत्त्वाची, आणि कुत्र्याच्या पेशीचं दार उघडलं. गंमत म्हणजे या नव्या अवताराला मांजरात शिरता येईना! पण वर्षभरातच ‘२ए’ हा प्रकार आला. त्याने मांजरही परत मिळवलं आणि पहिल्या अवताराला जगातून हुसकावलं.

कुत्र्यांच्या शरीरात या विषाणूविरुद्ध काहीच तयारी नव्हती. १९७८-७९मध्ये तो अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया असा पसरला. कुत्र्यांसाठी लस नसल्याने सुरुवातीला चक्क मांजरांचीच लस टोचली गेली, आणि नातं जवळचं असल्याने ती उपयोगीही पडली. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर तर १९८०मध्ये पन्नास असलेले लांडगे दोन वर्षांत चौदावर आले. कुणीतरी नियम मोडून नेलेल्या कुत्र्याबरोबर विषाणू तिथे पोचला असावा, असा संशय आहे.

हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. तेव्हा घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर नवं पिल्लू आणण्याची घाई करू नका, आणि आणलंत तर सोळा आठवड्यांपर्यंतचे सगळे डोस पुरे करा.